डोकी मोजायचा रविवार

११ फेब्रुवारी

धाकटे,

आज सकाळी पाणी उशिरा आलं. पिंप भरलं, चादरी धुतल्या, स्वयंपाक केला. दुपारी सेक्रेटरी येऊन अर्धा कप चहा घेऊन गेले. नंतर समोरच्या दातांच्या डॉक्टरांकडे त्यांची आत्या राहायला आली, बरोबर दोन ट्रंका आणि एक स्टूल. त्यानंतर काही झालं नाही, म्हणून तुला लिहायला बसले.

तुझे भाऊजी जानेवारीत गेले ते तुला कळलं आहे. तुझ्या थोरल्याचा फोन आला होता. आई बाजूलाच बसली आहे, देऊ का, असं त्याने विचारलं. मग फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज येत राहिला, आणि मग तो म्हणाला की आई आत्ताच बाहेर गेली. मी बरं म्हटलं. मला राग नाही. फोनवर मला काय बोलावं सुचत नाही आणि तुला गप्प बसवत नाही, तेव्हा झालं ते ठीकच झालं. पत्र सोयीचं. यात कुणाला मध्ये बोलता येत नाही.

लोक विचारतात, शेवटी काही बोलले का. मी सांगते, शांतपणे गेले. तुला खरं सांगायला हरकत नाही. वॉर्डात जागा नव्हती. दोन खाटांच्या मध्ये तिसरी घुसवली होती, तीवर हे. शहर किती वाढलं आणि खाटा किती वाढल्या याचा सगळा हिशेब त्यांनी नर्सबाईंना समजावून सांगितला. ती बिचारी हो हो करत त्यांची शीर शोधत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडून मला म्हणाले, "तो बेसिनचा नळ गळतोय." मी जाऊन घट्ट बंद करून आले. येईपर्यंत संपलं होतं.

तू हसली असशील तर मला चालेल. तुला ते कधी समजलेच नाहीत, आणि त्यांना तू. लोक रविवारी सिनेमाला जायचे, आम्ही धरणाची पातळी बघायला जायचो, यावर तू सगळ्या नातेवाइकांना हसवलं आहेस. पण तिथे वारा चांगला असायचा. भिंतीवर बसून आम्ही डबा खायचो, आणि ते पाण्याकडे बघत त्याला शहरातल्या माणसांनी भागत बसायचे. पाणीपुरवठा कार्यालयात नोकरी करून ते घरी आले तरी कार्यालयातून निघाले असं मला कधी वाटलं नाही. आम्हाला मूल नको असं त्यांनी याच हिशेबाने ठरवलं होतं. मला विचारलं होतं. मी हो म्हटलं. नंतर कुणी पुन्हा विचारलं नाही.

तू आमच्या घरात पाऊल ठेवत नाहीस त्याला तुझ्या शेंडेफळाच्या वयाइतकीच वर्षं झाली. मी तेव्हा पाळण्याच्या उजव्या बाजूला उभी होते, त्यामुळे काय झालं ते मला माहीत आहे. यांनी बाळ बघितलं, वजन छान आहे म्हणाले, इथपर्यंत ठीक होतं. मग तुझ्या सासूबाईंकडे वळून त्यांनी या चौथ्या बाळाला जन्मभर किती बादल्या लागतील ते सांगायला सुरुवात केली. आधीच्या तिघांच्याही धरल्या. धरण मात्र तेच, असं म्हणून ते थांबले. तू खाटेवरून म्हणालीस, "माझं पोर तुमच्या नळाला तोंड लावायला येणार नाही, भाऊजी." परतताना रस्ताभर ते गप्प होते. मला वाटलं, लागलं असेल मनाला. घरी आल्यावर पेन्सिल घेऊन त्यांनी तो गुणाकार पुन्हा करून बघितला. त्यांना वाटलं होतं, तू रागावलीस म्हणजे कुठेतरी आकडा चुकला असणार.

घर मोठं वाटतं वगैरे असं काही नाही. ठीक आहे सगळं.

ताई


३ मार्च, रविवार

धाकटे,

उत्तर आलं नाही. पोस्टाचं हल्ली काही खरं नाही.

आज डोकी मोजायचा रविवार होता. तुला यातलं काही माहीत नाही, म्हणून नीट सांगते.

समोरच्या मोकळ्या जागेत तीन उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यांनी आमच्यापेक्षा खोल बोअर मारल्या आणि आमची आटली. पालिकेचं पाणी जुन्याच पाइपातून येतं. या भागात अजून पूर्वीइतकेच लोक राहतात अशी त्या पाइपाची समजूत आहे. मागच्या वर्षी बिल्डिंगची मीटिंग झाली. आहे ते पाणी प्रत्येक घराला सारखं द्यावं असं काहींचं म्हणणं पडलं. तेव्हा तुझे भाऊजी उभे राहिले आणि म्हणाले, पाणी घर पीत नाही, माणूस पितो. गच्चीवर प्रत्येक घराचा वेगळा व्हॉल्व्ह आहे. घरात जितकी डोकी, तितका जास्त वेळ तो उघडा ठेवायचा, असा नियम त्यांनी मांडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जन्मभर त्यांनी इतकी भाषणं केली, पण टाळ्या मिळाल्या त्या तेवढ्याच. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी पूर्ण बादलीने अंघोळ केली.

पहिल्या महिन्यात सेक्रेटरी दारोदार विचारत फिरले आणि बिल्डिंगची वस्ती बोलता बोलता वाढली. एकाने तर पोपट सांगितला. तेव्हा यांनीच तोड काढली की तोंडी आकडे नकोत. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी खाली यावं, आपापल्या पार्किंगच्या चौकोनात उभं राहावं, सेक्रेटरींनी मोजून घ्यावं. मग तोंडी आकडे बंद झाले आणि खरी माणसं यायला लागली.

लोकांना आपल्या चुलत्यांचा आणि मामेबहिणींचा असा उमाळा आला की विचारू नकोस. तिसऱ्या मजल्यावर दोन भाऊ आहेत, शेजारी शेजारी. त्यांची आई आजवर चेंडूसारखी या दारातून त्या दारात जायची. तीच आता माझ्याकडे राहील म्हणून दोघे जिन्यात हमरीतुमरीवर आले. म्हातारी मध्ये उभी राहून दोघांकडे बघत होती. इतकी सुखात मी तिला कधी पाहिली नव्हती.

डोकी वाढली, पाणी तेवढंच. म्हणजे प्रत्येक डोक्यामागे वेळ कमी झाला. म्हणून लोकांनी आणखी डोकी आणली. ज्या माणसाने जन्मभर माणसं आवरा म्हणून सांगितलं, त्याच्याच नियमाने बिल्डिंग दीडपट भरली. त्यांना ते दिसत होतं. गॅलरीत उभे राहून खाली उतरणाऱ्या ट्रंका बघायचे आणि म्हणायचे, लोक माझा नियम उलट्या बाजूने पाळताहेत. आम्ही दोघं गेलो की पृथ्वीवर दोन जागा मोकळ्या होतील, असं ते मला समाधानाने सांगायचे. त्यांची एक झाली. ती डॉक्टरांच्या आत्याने भरली.

फेब्रुवारीच्या मोजणीला मी उतरले नव्हते, आज खाली गेले. आमच्या चौकोनात गाडी कधीच नव्हती, आम्हीच दोघं उभे राहायचो, ते पुढे आणि मी जरा मागे. आज कुठे उभं राहावं ते कळेना, म्हणून मधोमध उभी राहिले. शेजारच्या चौकोनात डॉक्टरांची माणसं रेषेबाहेर सांडत होती आणि मध्ये स्टुलावर आत्याबाई. सेक्रेटरी माझ्यापाशी आले आणि सवयीने दोन म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. माफी मागून त्यांनी एक कमी केला.

जाता जाता त्यांनी सांगितलं की कमिटीने नवीन ठरवलं आहे. तीनपेक्षा कमी डोकी असलेल्या घरासाठी वेगळा व्हॉल्व्ह उघडत बसणं परवडत नाही. एप्रिलच्या मोजणीनंतर अशी घरं शेजारच्या घराला जोडणार. म्हणजे माझं पाणी डॉक्टरांच्या नळाला येणार आणि मी ते त्यांच्याकडून न्यायचं. "दोन बादल्या तर लागतात तुम्हाला, वहिनी. तेवढीच सोबत," असं ते म्हणाले. मी बरं म्हटलं.

दुसऱ्याच्या दारात रिकामी बादली घेऊन उभं राहणं मला जमेल असं वाटत नाही. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. माझ्याशी हळू आवाजात बोलतात, जसं काही मीच आजारी आहे. त्या मला एक बादली जास्तच देतील. तेच मला नको आहे.

तुझ्याकडे सुना-जावई धरून माणसांना तोटा नाही. हे मी सहज लिहिते आहे. पुढची मोजणी सात एप्रिलला आहे. तेही सहजच.

ताई


१९ मार्च

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. "किती डोकी हवीत?" एवढंच. सहीसुद्धा नाही, अक्षरावरून ओळखलं. इतक्या कमी शब्दांत बोलायला तू कधी शिकलीस?

दोन पुरेत. मी धरून तीन होतील आणि माझा व्हॉल्व्ह मला राहील. दोनच पाठव. जास्त आली तर मोजणीच्या आधीच पिंप संपेल. दोघांतली एक तू असलीस तर सोयीचं पडेल. म्हणजे, तुला घर माहीत आहे, जिना माहीत आहे, नवीन माणसाला सांगत बसावं लागतं.

शेंडेफळाला पाठवू नको असं मी म्हणत नाही. त्याला यायला अवघड वाटेल का, ते तू बघ.

आल्यावर काही गोष्टी लक्षात ठेवायच्या. दात घासताना नळ बंद. कपबशा एकदम धुवायच्या, एकेक नाही. फ्लशच्या टाकीत वीट आहे, ती मुद्दाम ठेवलेली आहे, टाकी कमी भरावी म्हणून. ते गेले म्हणून ती काढायची असं काही नाही.

कपाट अर्धं मोकळं केलं आहे. त्यांचे शर्ट एका बाजूला सरकवले, दिले नाहीत अजून. दोन नवे टॉवेल आणले. एक निळा आणला. तुला अजून निळाच रंग आवडतो की नाही ते मला माहीत नाही, पण दुकानात निळा होता.

ताई


९ एप्रिल

धाकटे,

दोन म्हटलं होतं, दहा आली. शनिवारी दार उघडलं तर जिन्यात रांग. थोरला, त्याची बायको, त्यांची दोन, मधली, तिचा नवरा, बाबागाडीतलं बाळ, तिसरा, त्याची होणारी बायको जिच्याबद्दल तू मला कळवलं नाहीस, आणि सगळ्यांच्या मागे शेंडेफळ. त्याच्याही मागे मी जरा बघितलं. मग दार लावून घेतलं.

संध्याकाळपर्यंत पिंपाचा तळ दिसला. थोरल्याचा मुलगा नळ सोडून दात घासतो. मी जाऊन बंद करून आले. मी वळले की नळ पुन्हा सुरू. रात्रीची जेवणं तीन पंगतींत झाली. मधली म्हणाली, मावशी, तुझ्याकडे ताटं चारच कशी? आम्हाला चारचंही कधी काम पडलं नव्हतं, हे मी सांगितलं नाही. फ्लशमधली वीट शेंडेफळाने काढून गॅलरीत ठेवली आणि मला म्हणाला, मिस्त्री विसरून गेला होता, मावशी.

केवढा झालाय तो. दारातून आला की खोलीतला उजेड कमी होतो. गाड्या धुण्याचं दुकान काढलंय हे त्याने मला फार अभिमानाने सांगितलं. दिवसभर पाइप सुरू असतो म्हणे. मी हो हो म्हटलं, पण मनात तुझ्या भाऊजींचा गुणाकार आला. त्यांनी बिचाऱ्यांनी त्याचं पिणं आणि अंघोळच धरली होती.

चहा घेताना त्याने विचारलं, काकांनी मला पाळण्यात बघून नक्की काय म्हटलं होतं, आई दर वेळी वेगळं सांगते. मी झालं तसं सांगितलं. तो इतका हसला की बशीत चहा सांडला. मग डोळे पुसत म्हणाला, "काका कमीच बोलले, मावशी."

रविवारी सगळे खाली उतरलो. आमचा चौकोन भरलेला मी पहिल्यांदाच बघितला. बाबागाडीचं चाक रेषेवर आलं म्हणून डॉक्टरांनी हरकत घेतली. त्यांचे स्वतःचे दोन पाहुणे तेव्हा फुलांच्या कुंड्यांत उभे होते. शेंडेफळाने बाबागाडी उचलून डोक्यावर धरली आणि आता चालेल का म्हणून विचारलं. सेक्रेटरी आले, मोजलं, अकरा भरली. मग इतरांना विचारलं होतं तसंच मलाही विचारलं की ही सगळी इथेच राहतात ना, वहिनी. त्यांना उत्तर नको होतं. नुसती मान हलवली की ते पुढे जाणार होते. सगळ्यांनी तेच केलं होतं.

मी म्हटलं, "नाही. हे पाहुणे आहेत, उद्या जातील. मी एकटीच राहते."

मधलीने माझा पदर ओढला. मावशी, काय बोलतेयस, म्हणाली. थोरला म्हणाला, आम्ही रात्रभर बसमध्ये उभ्याने आलोय. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. का बोलले ते नीट सांगता येणार नाही. नियम यांचा होता. आणि ते गेल्यापासून ते वाक्य मी मोठ्याने कधी म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या चौकोनातून आत्याबाई म्हणाल्या, "मग मीही पाहुणीच आहे. मला घरी कधी सोडणार ते विचारा याला."

डॉक्टर म्हणाले, आत्या, आपण घरात बोलू.

"घरात बोलायला जागा आहे का?" त्या म्हणाल्या. "मला फ्रिजजवळ निजवतात. तो रात्रभर गुरगुरतो आणि मी त्याला गप्प करत बसते."

पहिल्यांदा शेंडेफळ हसला, तुझ्याकडूनच उचललंय त्याने ते हसणं. मग डॉक्टरीणबाईच हसायला लागल्या. पलीकडे कुणाचा तरी चुलता म्हणाला की त्याची शेतं वाळताहेत, त्यालाही जायचं आहे. दोन बहिणी म्हणाल्या की त्यांना इथे कपडे धुण्यासाठी बोलावलं असं सांगितलं होतं, आणि धुवायला पाणीच नाही. खुद्द सेक्रेटरींच्या चौकोनात त्यांचा मेहुणा उभा होता. तो जरा पुढे येऊन नम्रपणे म्हणाला, "दाजी, मग मीही निघू का?"

सेक्रेटरींनी कपाळाचा घाम पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. या वेळी फक्त राहणारे. चौकोन रिकामे होत गेले. धाकटे, तू ते बघायला हवं होतंस. निम्म्याहून जास्त चौकोनांत दोघं दोघं उरली, म्हातारा-म्हातारी, काहींत एकच माणूस. मुलं कुठे कुठे लांब गेलेली. इतकी वर्षं या जिन्यातून चढ-उतार केली, पण वर इतकी रिकामी घरं आहेत हे मला माहीत नव्हतं. तीनपेक्षा कमीची घरं जोडायची म्हटलं तर निम्मी बिल्डिंग निम्म्या बिल्डिंगला जोडावी लागली असती. तो विषय तिथेच संपला. माझा व्हॉल्व्ह मला राहिला. पाणी फार वाढलं नाही, पण हंडाभर तरी जास्त मिळेल असं सेक्रेटरी म्हणाले.

संध्याकाळी फाटकाशी रिक्षांची रांग लागली होती. आत्याबाईंच्या दोन्ही ट्रंका डॉक्टरांनी स्वतः खाली नेल्या. दातापेक्षा जड काही उचलताना मी त्यांना पहिल्यांदा बघितलं. म्हातारीवरून भांडलेले दोघे भाऊ मात्र अजून भांडताहेत, कारण ती खरोखरच इथे राहते.

तुझी मुलं काल गेली. तू का आली नाहीस ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

ताई


२१ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र आलं. तू लिहिलं आहेस की मी तीन महिन्यांत चार पत्रं लिहिली आणि चारही पाण्याची. डोकी मागितली म्हणून तू डोकी पाठवलीस. तुला मोजून घ्यायला यायचं नव्हतं. "भेटायला बोलावशील तेव्हा येईन," असं तू लिहिलंस. खाली हेही लिहिलंस की भाऊजींचं तुला फार वाईट वाटलं, फोनवर तोंडातून शब्द फुटेना म्हणून ते थोरल्याला सांगायला सांगितलं होतं, आणि तो गाढव विसरला.

मी ते पत्र बऱ्याच वेळा वाचलं.

उत्तर लिहायला सकाळपासून बसले आहे. पहिल्यांदा लिहिलं की आता पाणी बरं येतं, तेव्हा यायला हरकत नाही. ते फाडलं. मग लिहिलं की आठवड्यातून एकदा पाणी जास्त वेळ असतं, त्या दिवशी ये. तेही फाडलं. मला दुसरं काही लिहिताच येत नाही की काय, असं वाटायला लागलं. इतकी वर्षं एका माणसाबरोबर राहिलं की त्याचीच भाषा तोंडात बसते.

ते जेवताना भागाकार करायचे. मला त्याचा कंटाळा यायचा. आता मी जेवते तेव्हा काहीच ऐकू येत नाही, आणि तो कंटाळा मला हवा आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तू चुकीचं बोलली नव्हतीस त्या दिवशी. तेही चुकीचं बोलले नव्हते, फक्त पाळण्यापाशी बोलायचं ते नव्हतं. मी हे दोघांनाही सांगू शकले असते, पण तुम्ही दोघं बोलत असताना मला कधी जागा मिळाली?

ये. काही काम नाही. कुणी मोजणार नाही. तुला वाटेल तितकं बोल, मध्ये मी थांबवणार नाही. कितीही दिवस राहा.

वाचून बघितलं. हे फाडणार नाही, तसंच पाठवते.

गच्चीवर व्हॉल्व्ह उघडल्याचा आवाज आला. उठते आता. ते गेल्यापासून केस नीट धुतलेले नाहीत, आज धुऊन घेते. मग वर उन्हात जाऊन बसेन, वाळेपर्यंत.

ताई